वलांडीचा पंचनामा

मच्छीमार सोसायटीत नोकरी करणाऱ्या माणसाला समुद्राची खबर पहिल्यांदा डिझेलच्या वहीत लागते. कुठली बोट किती लिटर घेऊन गेली, बर्फाच्या लाद्या किती उचलल्या, तांडेल कोण, खलाशी किती, बोट परत कधी आली, हे सगळं आमच्याकडे रोजच्या रोज लिहिलं जातं, कारण डिझेलचा परतावा या नोंदींवरच मिळतो. वसई आणि सातपाटीच्या मधल्या किनाऱ्यावरच्या अशाच एका सोसायटीत मी लिपिक म्हणून लागले, आता सचिव आहे. वडील डोलीच्या जाळ्यावर मासेमारीला जायचे, आई आणि आजी बोंबील सुकवायच्या. त्यामुळे वहीतला आकडा माझ्यासाठी नुसता आकडा राहत नाही. त्याच्या मागचं घर मला माहीत असतं.

जुन्या वह्या काढून बसलं की एक गोष्ट कुणालाही दिसेल. बोट तीच, इंजिन तेच, मासळीही तीच, पण फेरीचं डिझेल वाढत गेलंय. वडिलांच्या वेळी पहाटे गेलेली बोट दुपारच्या भरतीला बंदरात असायची. आता त्याच घराची बोट दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेर असते, आणि तेवढा बर्फ, तेवढा शिधा घेऊन जाते.

डोल हे ओढत न्यायचं जाळं नाही. तोंडाशी रुंद आणि मागे निमुळतं होत जाणारं ते लांबलचक जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, आणि पाण्याच्या ओढीनं मासळी आपोआप आत येऊ द्यायची. पाणी थांबलं की खोला, म्हणजे जाळ्याचं मागचं निमुळतं टोक, वर घ्यायचा, रिकामा करायचा, पाण्याची दिशा फिरली की पुन्हा सोडायचा. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, सगळं या एका जाळ्याला. जाळं एका जागी उभं राहणार, म्हणून जागेला महत्त्व. त्या जागेला आम्ही कव म्हणतो, आणि कुठल्या गावाची कव कुठवर, हे कागदावर नसलं तरी पूर्वी सगळ्यांना ठाऊक असायचं. मोठी इंजिनं आली तशी कव पुढे पुढे सरकली, एका गावाची दुसऱ्या गावाच्या पाण्यात गेली, आणि आमच्या जिल्ह्यात कवींवरून भांडणं झाली, बैठका झाल्या, मोर्चे निघाले. त्याचा निवाडा मी इथे करणार नाही. पण मासळी जवळ मिळत असती तर कुणी वीस-पंचवीस वाव पाण्याच्या पलीकडे खुंट मारायला गेलं नसतं, एवढं खरं.

हे सगळं हवामानबदलामुळे झालं असं म्हणणं मला पटत नाही. पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केलं, त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीसाठी पकडायची किमान लांबीही ठरवून दिली. हे करावं लागलं, कारण बोटाएवढी पापलेटं टोपल्या भरभरून बंदरावर येत होती. खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक झाली की जाळं पिल्लू सोडत नाही, यात समुद्राच्या तापमानाचा काही संबंध नाही. एलईडीच्या झगमगाटात मासळी गोळा करून उपसणाऱ्यांचा तर नाहीच नाही. केंद्रानं 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी बंदी किती पाळली जाते याची तक्रार किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात ऐकू येते. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय बोट हलायची नाही. आता कायद्यानं 1 ऑगस्टला दर्या मोकळा होतो. नारळी पौर्णिमा उशिरा आली की लहान बोटी लाटांना भिऊन किनाऱ्यावर आणि मोठ्या बोटी आत, असं होतं. म्हणून बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मागणी मच्छीमारांनीच लावून धरली आहे. काम बंद ठेवा असं आपणहून मागणारा धंदा मला दुसरा माहीत नाही.

तरीही एक गोष्ट अशी आहे की ती कुणाच्या जाळ्यावर ढकलता येत नाही.

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, पाण्याला ओढ जास्त, डोलीला मासळी जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. हे गणित आजही चुकत नाही. चंद्र आपल्या जागी आहे तोवर चुकणारही नाही. म्हणून कुणी म्हणालं की जुन्या माणसांचं ज्ञान आता निकामी झालं, तर मी ते मानत नाही. पाण्याचं ज्ञान शाबूत आहे. गेलं ते हवेचं. गणपती गेले, नवरात्र गेलं, की मतलई वारा सुरू होणार, उत्तरेचा कोरडा वारा बोंबलाला लागणार आणि शिमग्यापर्यंत आभाळाकडे बघायची गरज पडणार नाही, या भरवशावर आमच्या गावातल्या अर्ध्याहून जास्त बायकांचा धंदा उभा होता.

तो भरवसा कसा तुटला ते वर्षांनिशी सांगता येतं. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं. तेव्हा सगळे म्हणाले, असं एखाद्या वेळी होतं. डिसेंबर 2017 मध्ये ओखी आलं, ऐन थंडीत पाऊस घेऊन. 2019 मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला क्यार आणि त्याच्या पाठोपाठ नोव्हेंबरच्या सुरुवातीला महा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. 17 मे 2021 ला तौक्ते आमच्या समोरून गुजरातकडे गेलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस पडला, त्याला तर वादळाचं नावसुद्धा नव्हतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, असं त्यात दाखवलं आहे. समुद्राचं पाणी तापलंय आणि वादळाला लागणारी उष्णता त्याला आयती मिळते आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला चक्रीवादळ म्हणजे बंगालच्या उपसागरातली, रेडिओवर ऐकायची गोष्ट वाटायची.

वादळाचा इशारा आला की मासेमारीचं टोकन बंद होतं. बोटी परत बोलवायच्या, गेलेल्या बोटींना वायरलेसवर गाठायचं, घरच्यांना उत्तरं द्यायची, हे काम त्या दिवशी सोसायटीवर येतं. खलाशांना आगाऊ रक्कम दिलेली असते, ती बंद दिवसांची परत मागता येत नाही. आमच्याकडचे बरेचसे खलाशी डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवरचे, त्यांचंही पोट हातावर. जाळी खुंटाला बांधलेलीच राहिली तर वादळात त्यांचं काय होईल सांगता येत नाही. नाखव्याचं, म्हणजे बोटीच्या मालकाचं, नुकसान मोठं असतं आणि ते दिसतंही. फुटलेली बोट, फाटलेलं जाळं, वाहून गेलेले बोये. तलाठी येतो, मत्स्यविभागाचा माणूस येतो, फोटो निघतात, पंचनामा होतो. पैसे हातात पडायला उशीर होतो, पण निदान कागद तयार होतो.

किनाऱ्यावर मात्र त्याच दिवशी दुसरं नुकसान झालेलं असतं.

बोंबील सुकवणं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. बोट लागली की टोपल्या वर येतात. बोंबील अंगानं इतका पाणीदार आणि मऊ की तासाभरात उचलला नाही तर खालचा थर दबून जातो. तो धुवायचा, निवडायचा, आणि दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे एकदा जबडा अडकला की सुटत नाही. ही जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बांबू रोवून त्यावर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या वलांडीवर खालपासून वरपर्यंत अशा जोड्या लागतात. मीठ लावायचं नाही. नुसतं ऊन आणि वारा. जोड्या लावणाऱ्या बाईची बोटं बघत राहावीत अशी चालतात. मी घरातच शिकले, पण आईच्या निम्म्या वेगानंही मला ते कधी जमलं नाही. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवसांत बोंबील कडक आणि पांढरा होतो. जवळा खाली खळ्यात पसरायचा, दिवसातून दोन-तीनदा हलवायचा, आणि हलवताना त्यातला कचरा वेचायचा. पूर्वी त्यात शेवाळ, काड्या, शिंपले निघायचे. आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, धाग्यांची गुंतवळ निघते. जवळा वेचण्यापेक्षा प्लॅस्टिक वेचण्यात जास्त वेळ जातो.

सुकी मासळी हे समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाचं खाणं. पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी होते, वाड्या-पाड्यांवरून माणसं येतात, वाकटी, सोडे, जवळा, बोंबील गाठोड्यात बांधून नेतात. चार महिने भाजी महाग झाली की तेच कालवण. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांच्यापर्यंत समुद्रातलं अन्न पोहोचतं ते या वलांडीवरून.

आता त्या अर्ध्या सुकलेल्या बोंबलावर एक सर पडली असं धरा. वरून ओला झालेला बोंबील दुसऱ्या दिवशी लालसर पडतो, त्याला वास येतो, मग बुरशी आणि अळी. व्यापारी तो खाण्याच्या भावानं घेत नाही. तो जातो खताला, नाहीतर कोंबडीखाद्याला, मिळेल त्या किमतीत. बोंबील विकत घेतलेला असतो, जोड्या लावणाऱ्या बायांची मजुरी दिलेली असते, वलांडीचे बांबू-दोऱ्या नव्यानं भरलेल्या असतात. हे पैसे बचतगटातून किंवा सोन्यावर उचललेले. म्हणजे एका सरीत भांडवल गेलं, कर्ज राहिलं. आणि सर दुपारी येऊन संध्याकाळी आभाळ निरभ्र झालं तर बघणाऱ्याला काही घडल्यासारखं वाटतच नाही.

हवामान खात्याचे इशारे आता फोनवर येतात. माझ्या ऑफिसातून मी ते गावच्या गटावर टाकते. हैदराबादच्या समुद्रविज्ञान केंद्राकडून मासळी कुठे सापडेल याचा अंदाज येतो, लाटांचा अंदाज येतो, बोटीवाल्यांना त्याचा उपयोगही होतो. पण हे सगळं समुद्रात जाणाऱ्यासाठी आखलेलं आहे. किनाऱ्यावरच्या बाईसाठी एकच ओळ असते, पालघर जिल्ह्याला यलो अलर्ट. जिल्हा केवढा! जव्हारला पाऊस पडला तरी अलर्ट खरा ठरतो. एकदा गावातल्या एका वयस्क बाईनं ऑफिसात येऊन मला सरळ विचारलं, "बाय, यलो म्हंजे काढायचे का ठेवायचे, तेवढं सांग." मला सांगता आलं नाही, आणि कुणालाही सांगता आलं नसतं. प्रत्येक इशाऱ्याला अर्धा सुका बोंबील उतरवून ढीग केला तर तो आतून तापतो, आंबतो. न उतरवला आणि पाऊस आला तर भिजतो. दोन्हीकडून तिचंच नुकसान. तिला हवंय ते तालुक्यापुरतं, निदान दोन-तीन गावांपुरतं, सकाळी सहाला मिळणारं आजच्या दुपारचं उत्तर. विमानतळाला असा अंदाज मिळतो. किनाऱ्याच्या गावाला मिळणं अशक्य नाही.

इशारा आला की आणखी एक होतं. त्या दिवशी सुकवणाऱ्या बायका बोंबील उचलत नाहीत. बंदरावर ताज्या बोंबलाचा ढीग पडतो आणि भाव कोसळतो. म्हणजे पाऊस न पडताही नाखव्याच्या पट्टीत घट येते. वलांडी हा बायकांचा जोडधंदा आहे असं समजणाऱ्यांनी त्या दिवशीचा लिलाव येऊन बघावा. वलांडी बंद पडली तर डोलीचा धंदा आठवडाभरही तग धरणार नाही.

क्यार आणि महानंतर राज्य सरकारनं 2020 मध्ये मच्छीमारांसाठी मदत जाहीर केली. बोटींच्या सिलिंडरनुसार रक्कम ठरली. मासळी विकणाऱ्या महिलांसाठी शीतपेट्या होत्या. महिलांची आठवण कुणाला तरी झाली याचं मला मनापासून बरं वाटलं. ताजी मासळी विकणारीला पेटीचा उपयोग आहेच. पण सुकी मासळी करणारीला बर्फाच्या पेटीचं काय काम? तिचं नुकसान काय असतं हे मदत ठरवणाऱ्या टेबलापर्यंत गेलंच नव्हतं, कारण ते कुठल्याच वहीत नव्हतं. आमच्याही नाही. सोसायटीची वही बोटीपासून सुरू होते आणि बोट बंदरात लागली की संपते.

मध्यंतरी सौर ड्रायरची माहिती द्यायला काही लोक आले. यंत्र चांगलं आहे, धूळ नाही, माश्या नाहीत, पाऊस लागत नाही. जवळा, करंदी, सोडे यासाठी मी ते जरूर घ्यावं म्हणेन. बोंबलाचं गणित वेगळं. उधाणाला एका दिवसात जेवढा बोंबील येतो त्यातला थोडासाच त्या पेटीत मावतो, आणि ढगाळ दिवशी सौर ड्रायरसुद्धा थंडच. बायकांनी हे पहिल्याच दिवशी ताडलं. त्यांनी मागितलं ते अगदी साधं, वलांडीवर ओढता येईल असं भक्कम ताडपत्रीचं छप्पर आणि खाली सिमेंटचा ओटा. त्यासाठी जागा आपली असावी लागते, आणि घोडं तिथेच अडतं.

वलांडीची जागा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे बोंबील सुकतो, पण कागदावर ती सरकारी, नाहीतर नुसतीच मोकळी जमीन. समुद्राच्या बाजूनं ती दरवर्षी कमी होते. सुरूची बनं मुळांसकट आडवी होताना आम्ही पाहिली. धूप थांबवायला दगडी बंधारे घातले, तिथे बंधाऱ्यानं पुळण खाल्ली. गावाच्या बाजूनं घरं आणि रिसॉर्टं पुढे आली. उत्तरेला वाढवणचं बंदर होतंय. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला भूमिपूजन झालं. सुमारे 1,448 हेक्टर भराव समुद्रात पडणार आहे. तिथल्या मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे. भरपाईची चर्चा निघते तेव्हा तिथेही पहिला प्रश्न बोटी किती आणि परवाने किती हाच असतो. जोड्या लावणारे हात किती, हे कुणी विचारत नाही.

22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. आमच्या गावात फटाके वाजले. वीज, कर्ज, विमा या सवलती शेतीसारख्या मिळतील अशी आशा आहे. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अवकाळी पावसानं द्राक्ष गेलं, कांदा भिजला, तर त्याचा पंचनामा करायची रीत महाराष्ट्रात रुळलेली आहे. खळ्यात पडलेला जवळा आणि वलांडीवरचा बोंबील हे आमचं काढणीला आलेलं पीक. ती रीत इथपर्यंत यायला नवा कायदा लागत नाही, पण नोंद लागते.

म्हणून सोसायटीत वेगळी वही सुरू करावी असा विषय मी वार्षिक सभेत मांडला. वलांडी किती, दोऱ्या किती, कुठल्या तारखेला किती टोपल्या चढवल्या, पाऊस किती वाजता आला, किती माल खराब झाला, कुठल्या भावानं गेला. आणि ज्यांची वलांडी आहे त्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावानं सभासद करून घ्यावं. यावर बराच वेळ वादावादी झाली. एक नाखवा म्हणाला, एका घरात दोन सभासद झाले तर उद्या निवडणुकीत काय होईल. दुसरा म्हणाला, वही घालून पाऊस थांबणार आहे का? त्याला उत्तर त्याच्याच बायकोनं दिलं. पाऊस थांबणार नाही, पण पुढच्या वेळी तलाठी आला की मी काय दाखवू, ते तू सांग, असं तिनं भर सभेत विचारलं. सभासदत्वाचा विषय पुढच्या सभेवर गेला. वहीचा ठराव मंजूर झाला.

नमुना मी तयार केला, छापून आणला. दहावी-बारावी शिकलेल्या मुली आयांच्या वतीनं तो भरतात आणि मोबाईलवर फोटो काढून तारखेसकट जोडतात. भरताना अडचण एकाच रकान्याची येते, जागेचा मालक. ग्रामपंचायत लिहावं, मेरीटाइम बोर्ड लिहावं की कोळीवाडा, यावर गावात एकमत नाही, आणि चुकीचं लिहिलं तर उद्या तोच कागद आमच्याविरुद्ध वापरला जाईल ही धास्ती रास्त आहे. सीमांकनाचा अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत त्या रकान्यात वलांडी कुठल्या घराची आणि त्या घरातल्या कुठल्या बाईची, तेवढं मी लिहून घेते.